आधी वाट, मग घर

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते. तिथला खाडीपूल ओलांडला की भाट्ये लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव सुरूच्या बनासाठी, किनाऱ्यासाठी, झरी विनायकाच्या देवळासाठी आणि नारळ संशोधन केंद्रासाठी माहीत असते. वाहतुकीचा विचार करणाऱ्याने मात्र आधी तो पूल पाहावा. पूल नव्हता तेव्हा शहरात जायचे तर होडी गाठावी लागे. होडी भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर अवलंबून, आणि पावसाळ्यात तर तिचा भरवसाच नसे. पूल झाला आणि तेच शहर काही मिनिटांवर आले. पावस, गणेशगुळे, पूर्णगडच्या गाड्या भाट्यावरूनच जाऊ लागल्या आणि गोळप-रनपारच्या कारखान्याकडे जाणाऱ्यांचीही हीच वाट झाली. खाडीची रुंदी तसूभरही बदलली नव्हती, बदलला होता तो पोहोचायला लागणारा वेळ आणि त्या वेळेची खात्री. एखादी जागा जवळ आहे की लांब, हे नकाशावरचे अंतर सांगत नाही, तिथवरची वाट सांगते. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

भाट्यासारख्या गावातून मुंबई, ठाणे, नवी मुंबई किंवा पुण्यात नोकरीसाठी जाणारा तरुण बहुतेक वेळा आधी नोकरी मिळवतो, मग परवडेल तिथे खोली घेतो आणि शेवटी विचारतो, की कामावर जायचे कसे? लोकलने, मेट्रोने, बसने की सरळ बाईक घ्यावी? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारायला उशीर झालेला असतो. खोलीचा करार झाला त्या क्षणी उत्तरातला मोठा भाग ठरून गेला. स्टेशनपासून दूर, बस क्वचित येते अशा वसाहतीत राहणाऱ्यासमोर वाहतुकीचे पर्याय पाच असले तरी हाताशी एखादाच असतो. म्हणून नव्या शहरात वाहन निवडण्याआधी वाट निवडावी आणि घर त्या वाटेवर शोधावे, असे माझे म्हणणे आहे. ऐकायला हे सोपे वाटते. पण त्याविरुद्ध वजनदार आक्षेप आहेत, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय हा सल्ला कोणी मानावा अशी अपेक्षा धरता येत नाही.

आधी कोकणातल्याच माणसांचा इतिहास पाहू, कारण मुंबईत नव्याने येण्याचा अनुभव या जिल्ह्याइतका क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा रत्नागिरीचा माणूस गलबताने आणि पुढे आगबोटीने मुंबईला जाई आणि धक्क्यावर उतरे. १९११ च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. ही माणसे लालबाग, परळ, वरळी, माझगाव इथल्या चाळींत दाटीवाटीने राहिली. एका खोलीत गावची अनेक माणसे पाळ्या लावून झोपत आणि खानावळीत जेवत. त्या दाटीत दारिद्र्य होते हे खरेच, पण हिशेबही होता. गिरणीचा भोंगा झाल्यावर चालत वेळेत पोहोचता आले पाहिजे, हा तो हिशेब. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये, विजेची १९०७ मध्ये आणि बस १९२६ मध्ये सुरू झाली. तुटपुंज्या पगाराच्या गिरणी कामगाराला मात्र रोजच्या भाड्यापेक्षा पायांचाच आधार होता. आपले आजोबा-पणजोबा कोंदट खोल्यांत राहिले ते केवळ नाइलाजाने, असे आपण समजतो. वाट आधी आणि घर नंतर, हा क्रम त्यांना पक्का ठाऊक होता.

हा क्रम मोडला तो पुढे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. हळूहळू गिरण्यांच्या जमिनीवर कार्यालये आणि मनोरे उभे राहिले. लोअर परळला काम राहिले, पण ते करणारा लोअर परळला राहिनासा झाला. कोकणी कुटुंबे नालासोपारा-विरारकडे, डोंबिवली-कल्याणकडे आणि पुढे दिव्याकडे सरकली. २६ जानेवारी १९९८ ला ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि ठाणे, दिवा, पनवेल या स्थानकांना गावाकडे जाणाऱ्यांच्या दृष्टीने वेगळेच महत्त्व आले. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत जात असे, करोनानंतर ती दिव्यालाच थांबू लागली. चाकरमान्याच्या पत्त्याला दोन तोंडे असतात, एक कामाकडे आणि एक गावाकडे. गणपतीत आणि शिमग्याला हजारो माणसे एकाच आठवड्यात निघतात, तेव्हा दुसऱ्या तोंडाची किंमत कळते. दिव्यात कोकणी वस्ती वाढण्यामागे स्वस्त जागेबरोबर हेही कारण आहे.

माणूस प्रवासाला किती वेळ देऊ शकतो, याचाही अभ्यास झालेला आहे. याकोव झहावी या अभ्यासकाने १९७० च्या दशकात निरनिराळ्या देशांतल्या शहरांची माहिती तपासली. माणूस रोज सरासरी तासाभराच्या आसपासच प्रवास करतो, असे त्याला दिसले. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती याने १९९४ मध्ये हाच विचार पुढे नेला. पायी चालणाऱ्यांचे शहर लहान असे, ट्राम आली तसे ते फुगले, रेल्वे आणि मोटार आली तसे पसरत गेले. वेग वाढला की वेळ वाचेल असे वाटते, प्रत्यक्षात माणसे तेवढी लांब राहायला जातात. हा आकडा सरासरीचा आहे. प्रत्येकाला तो लागू होत नाही, आणि महानगराच्या कडेला राहणारा कष्टकरी याच्या दुप्पट-तिप्पट वेळ प्रवासात घालवतो. पण त्यातूनच एक गोष्ट स्पष्ट होते. शहर आपणहून तुमचा वेळ राखत नाही. मर्यादा तुम्हीच घालायची असते, आणि ती घालण्याची सर्वांत सोपी वेळ म्हणजे घर घेण्यापूर्वीची.

हिशेब मांडून पाहू. दोन खोल्या आहेत. एक कामापासून ५० मिनिटांवर, दुसरी ९० मिनिटांवर. फरक ४० मिनिटांचा, जाऊन-येऊन ८० मिनिटांचा. महिन्याला २५ दिवस काम धरले तर २,००० मिनिटे, म्हणजे ३३ तासांहून अधिक. वर्षाला ४०० तास. आठ तासांच्या पाळीने मोजले तर ५० दिवसांचे काम. दुसऱ्या खोलीचे भाडे जितके कमी, तितकी या ३३ तासांची मजुरी तुम्हाला मिळते. भाड्यातला फरक ३३ ने भागा आणि तासाला किती पडले ते पाहा. नव्या नोकरीतल्या माणसाला हेच तास शिकायला, जास्तीचे काम करायला, निदान नीट झोपायला हवे असतात.

वेळ मोजतानाही गावाकडची सवय थोडी बदलावी लागते. भाट्यात, पावसला किंवा पूर्णगडला माणूस विचारतो, एसटी किती वाजता आहे? गाडी ठरलेल्या वेळेची असते आणि चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत खोळंबा होतो. महानगरात विचारायचे ते, गाडी किती मिनिटांनी आहे? चार मिनिटांनी गाडी येत असेल तर सरासरी दोनच मिनिटे थांबावे लागते आणि वेळापत्रक पाहायचीही गरज उरत नाही. वीस मिनिटांनी येणाऱ्या बसची सरासरी वाट दहा मिनिटे, आणि ती एकदा चुकली तर संपूर्ण वीस. म्हणून घरापाशी ‘बस आहे’ हे कळून पुरत नाही. गर्दीच्या वेळी, रात्री दहानंतर आणि रविवारी ती किती मिनिटांनी येते, हे विचारावे. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, हे नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात कळते.

मध्य रेल्वेच्या फलाटावर डोक्यावरचा इंडिकेटर वाचता येणे हा नव्या माणसाचा पहिला धडा. त्यावर वेळ असते, गाडी फास्ट की स्लो ते असते, डबे १२ की १५ ते असते आणि गाडी कुठवर जाणार त्याचे अक्षर असते. ‘एस’ म्हणजे कर्जत, ‘एन’ म्हणजे कसारा. कल्याणच्या पुढे या दोन वाटा फुटतात. बदलापूरला राहणारा माणूस घाईत कसारा गाडीत चढला तर कल्याणला उतरून पुन्हा गाडी बदलण्याची वेळ येते. फास्ट गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबत नाही, म्हणून ज्या स्टेशनाजवळ घर घ्यायचे तिथे फास्ट थांबते का, हा भाडे विचारण्याआधीचा प्रश्न आहे. आणखी एक फरक गाडी कुठून सुटते याचा. जिथून लोकल सुटते तिथे बसायला जागा मिळण्याची आशा असते, मधल्या स्टेशनावर दारात पाय ठेवायला मिळाला तरी पुष्कळ. विरार, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा इथून सुटणाऱ्या गाड्यांचे महत्त्व यामुळे आहे. बसून केलेला तास आणि लटकत केलेला तास घड्याळात सारखे दिसतात, शरीराला ते सारखे नसतात.

आता एकेक साधन. लांब पल्ल्यासाठी लोकलइतके स्वस्त आणि वेगवान दुसरे काही नाही, आणि रोज जाणाऱ्याने मासिक किंवा त्रैमासिक पास काढावा. मेट्रोचे भाडे लोकलपेक्षा जास्त, पण ती पूर्व-पश्चिम जोडते. हेच काम लोकलला कधी जमले नाही. वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची पहिली मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली, आणि आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ पासून १० रुपये आहे. स्टेशन ते घर या टप्प्यासाठी बस सर्वांत स्वस्त, पण रस्त्यावरच्या कोंडीत अडकते. मीटरच्या रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, हे गावाहून आलेल्याला आधी माहीत नसते. रोज दोन वेळा एकट्याने मीटरची रिक्षा घेतली तर महिन्याला १,३०० रुपये केवळ किमान भाड्यात जातात. शेअर रिक्षा हा मधला मार्ग आहे. तिची रांग किती लांब असते ते संध्याकाळी सातला स्टेशनबाहेर पाहून ठरवावे.

ही साधने एकमेकांना जोडताना खरी कसोटी लागते. समजा, काम सीप्झला आहे आणि खोली दिव्याला. दिव्याहून लोकलने घाटकोपर, तिथून पहिल्या मेट्रोने मरोळ नाका, आणि तिथे भुयारी मेट्रो पकडून सीप्झ. ही वाट आज उपलब्ध आहे आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा खूपच बरी आहे. पण तिच्यात दोनदा गाडी बदलणे आहे, आणि प्रत्येक बदलात जिना, पूल, तपासणी, रांग आणि पुढच्या गाडीची वाट आहे. गाडीतली मिनिटे मोबाइल दाखवतो, जिन्यावरच्या गर्दीची मिनिटे तो बरोबर दाखवीलच असे नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, माणसे वाढली, पूल मात्र जुन्या हिशेबाचे राहिले. पायी चालण्याची जागा हाही वाहतुकीचाच भाग आहे, हे त्या दिवशी शहराने फार मोठी किंमत देऊन शिकले. म्हणून दोन मार्गांना सारखाच वेळ लागत असेल तर कमी बदलांचा मार्ग निवडावा.

पहिला आक्षेप पैशांचा. स्टेशनजवळ भाडे जास्त आहे, मग गरिबाने काय करावे? आक्षेप खरा आहे आणि तो नुसत्या हिशेबाने मिटत नाही. ज्याच्या हाती महिन्याला मोजकेच उरते त्याला वाचलेले तास खाता येत नाहीत. पण लांब राहण्याची किंमतही फक्त तासांत मोजून चालत नाही. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चार जण मृत्युमुखी पडले. दारात लटकणे ही हौस नव्हे, आत जागा नसल्याचा तो परिणाम आहे. त्यामुळे लांब राहणे अटळ असेल तर निदान गाडी जिथून सुटते असे स्टेशन, घरून चालत गाठता येईल असे स्टेशन आणि शक्य असल्यास गर्दीच्या आधीची पाळी, या तीन गोष्टी पाहाव्यात. एकट्या खोलीऐवजी तिघांनी मिळून जवळची खोली घेणे हा गिरणगावचा जुना मार्ग आजही खुला आहे.

दुसरा आक्षेप, बाईक घेतली की कोणाची मिंधेगिरी नको. पुण्यात हा आक्षेप मुंबईपेक्षा जोरदार आहे. पुण्याला मुंबईसारखी लोकल नाही. पीएमपीएमएलची बस अनेक उपनगरांत पुरेशी नाही, आणि मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचे पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी हे मार्ग मोजक्याच भागांतून जातात. तिथे दुचाकीशिवाय पर्याय नाही असे ठिकाण पुष्कळांच्या वाट्याला येते, हे मान्य केले पाहिजे. तरी दुचाकीचा खर्च पेट्रोलपुरता धरू नये. कर्जाचा हप्ता, विमा, दुरुस्ती, पार्किंग, पावसाळ्यातले खड्डे आणि अनोळखी रस्त्यावरचा धोका, हे सारे त्यात येते. पहिल्या वर्षी शहर कळलेले नसते आणि नोकरीही बदलू शकते. तेव्हा बाईक घ्यायचीच तर सहा महिने शहर ओळखून मग घ्यावी.

तिसरा आक्षेप, इथे लवकरच मेट्रो येणार आहे, आजच जागा घ्या. हा आक्षेप बहुधा जागा विकणाऱ्याच्या तोंडून येतो. मुंबईच्या पहिल्या मेट्रोची पायाभरणी जून २००६ मध्ये झाली आणि गाडी धावली जून २०१४ मध्ये. ११.४ किलोमीटरला आठ वर्षे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि डोंगर-दऱ्यांतून ७४१ किलोमीटरचा मार्ग जवळजवळ तेवढ्याच काळात पुरा झाला. भरवस्तीत रूळ टाकणे सह्याद्रीत बोगदे खणण्यापेक्षाही वेळखाऊ ठरते, कारण तिथे जमीन, घरे, जलवाहिन्या आणि खटले आडवे येतात. ज्याला वीस वर्षे राहायचे आहे त्याने येणारा मार्ग जरूर विचारात घ्यावा. ज्याला पुढच्या सोमवारी कामावर रुजू व्हायचे आहे त्याने आज धावणाऱ्या गाडीवरच विसंबावे.

चौथा आक्षेप आपुलकीचा. काका डोंबिवलीला आहेत, गाववाले नालासोपाऱ्याला आहेत, मग मुलगा दुसरीकडे कसा राहील? नव्या शहरात ओळखीच्या माणसांचा आधार फार मोठा असतो आणि तो सोडा असे मी म्हणणार नाही. पहिले दोन-तीन महिने काकांकडेच राहावे. पण तो मुक्काम वाटा शोधण्यासाठी वापरावा. मुलींच्या बाबतीत तर हा शोध अधिक काळजीने व्हायला हवा. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी महिला विशेष लोकल सुरू झाली, आणि लाखो बायकांचा प्रवास अशा गाड्यांनी आणि महिलांच्या डब्यांनी सुसह्य केला. तरीही उशिराच्या पाळीनंतर स्टेशन ते घर हा अर्धा किलोमीटर उजेडाचा आणि वर्दळीचा आहे की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

शेवटचा आक्षेप मूलभूत आहे. सगळा भार नव्या माणसाने का उचलावा, ही तर सरकारची आणि नियोजनकारांची जबाबदारी आहे. ती आहेच. कामाच्या जागेजवळ परवडणारी घरे आणि घरांजवळ भरवशाची बस हे शहराचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी प्रवासी संघटना आवाज उठवतात तेव्हा नव्याने आलेल्यांनीही त्यांना साथ द्यावी. पण मागणी पुरी होईपर्यंत रोजची सकाळ थांबत नाही.

आज उलट दिशेनेही माणसे येत आहेत. शिक्षणासाठी, सरकारी नोकरीसाठी, कारखान्यांसाठी रत्नागिरीत येणारा माणूसही खोली शोधतो. रेल्वे स्टेशन शहराबाहेर आहे आणि महामार्ग हातखंब्याला, हे त्याला आल्यावर कळते. भाट्याला खोली पाहताना समुद्राच्या वाऱ्याबरोबर त्याने रात्रीची शेवटची बस आणि पुलावरची रहदारीही पाहावी. कोकणातून बाहेर जाणाऱ्याला आणि कोकणात येणाऱ्याला नियम एकच आहे. भाड्याच्या करारावर सही करण्याआधी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, त्या घरापासून कामापर्यंत एकदा जा आणि संध्याकाळच्या गर्दीत परत या. घड्याळ दारातून निघताना लावा आणि दारात पोहोचल्यावर बंद करा. जो आकडा येईल तो वर्षभर रोज सोसता येणार असेल तरच सही करा.